अमेरिकेने दोन दिवसात गेज बदलला, मग आपल्याला वर्षं का लागली?

गेज कन्व्हर्जनचा, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर (गेज) बदलण्याचा विषय निघाला की कोणीतरी हे सांगतंच, की अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांमधल्या रेल्वे कंपन्यांनी १८८६ मधे ११ हजार मैलांहून जास्त लाईन दोन दिवसात बदलली आणि आपल्याकडे मात्र वर्षानुवर्षं काम रखडतं. ३१ मे आणि १ जून या तारखा खऱ्या आहेत, पण "दोन दिवसात" हे अर्धंच सत्य आहे.

तयारी कित्येक महिने आधीपासून चालू होती. रुळांखालचे आडवे लाकडी ओंडके, म्हणजे स्लीपर, नव्या जागी तासून ठेवले, आतल्या बाजूचे खिळे आधीच ठोकून ठेवले, इंजिनं डबेही टप्प्याटप्प्याने तयार केले, त्यामुळे त्या दोन दिवसात गाड्या थांबवून फक्त एक रूळ आत सरकवायचा होता, तोही ३ इंच! ५ फुटांवरून ४ फूट ९ इंच, बस.

आता आपलं बघा. मीटर गेज १००० मिमी, ब्रॉडगेज १६७६. म्हणजे ६७६ मिमीचा फरक, आणि तोही रुंद करायचा. आपल्या बार्शी लाईट रेल्वेचा नॅरोगेज तर ७६२ मिमीचाच होता. मीटर गेजच्या आखूड स्लीपरवर ब्रॉडगेजचा रूळ मावतच नाही, मग स्लीपर नवे, भराव रुंद, पूल जड गाड्यांसाठी नव्याने, बोगदे मोठे, वळणं सरळ, प्लॅटफॉर्मसुद्धा बदलायचे. हे जवळजवळ नवी लाईन टाकण्यासारखंच काम आहे हो! उशीर झाला त्यावर जरूर बोला, पण १८८६ शी तुलना करून आपल्या लाईनवर राबलेल्या गँगमनना, म्हणजे रुळांवर काम करणाऱ्या कामगारांना, नावं ठेवू नका.