धातू सल्फाइडांच्या पोकळ नॅनोरचना : संश्लेषण पद्धती

बाहेर धातू सल्फाइडाचे (धातू व गंधक यांच्या संयुगाचे) कवच आणि आत रिकामी जागा, अशी घडण असलेले नॅनोमीटर मापाचे कण तयार करण्याच्या रासायनिक पद्धती. तांबे, कोबाल्ट, निकेल, जस्त व कॅडमियम यांची सल्फाइडे यात प्रामुख्याने येतात. बॅटरी, सुपरकपॅसिटर (झटपट विद्युतभार साठवणारे साधन) व प्रकाश-उत्प्रेरण (प्रकाशाच्या मदतीने अभिक्रिया घडवणे) हे त्यांचे परिचित उपयोग.

सर्वांत सरळ मार्ग साच्याचा. सिलिका, पॉलिस्टायरीन किंवा कार्बनच्या गोळ्यांवर सल्फाइडाचा थर बसवून साचा काढून टाकतात. सिलिका सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये, तर पॉलिस्टायरीन टोल्यूइनमध्ये विरघळते. साचा निघताना पातळ कवच ढासळते, हे या पद्धतीचे जुने दुखणे.

साच्याविना पोकळी कशी पडते, याचे स्पष्टीकरण बहुधा कर्केंडाल परिणामाने, म्हणजे दोन पदार्थ एकमेकांत असमान वेगाने शिरण्याने, देतात. स्मिगेलस्कास व कर्केंडाल यांनी १९४७ मध्ये मॉलिब्डेनमच्या तारा गुंडाळलेल्या पितळावर तांब्याचा मुलामा चढवून ते तापवले, तेव्हा दोन बाजूंच्या तारा एकमेकींकडे सरकल्या. जस्त बाहेर पडण्याचा वेग तांबे आत शिरण्याच्या वेगापेक्षा जास्त असल्याखेरीज हे घडणे शक्य नव्हते. मेल यांच्यासारख्या मान्यवर धातुशास्त्रज्ञांना हा निष्कर्ष सुरुवातीला पटला नव्हता. वेगांतील या तफावतीमुळे जालकात (अणूंच्या नियमित मांडणीत) रिक्तिका, म्हणजे अणूंच्या रिकाम्या जागा, साचतात आणि त्या एकत्र येऊन पोकळी बनते. धातुशास्त्राच्या लेखी ही पोकळी म्हणजे सांध्याचा दोषच. आल्डिंगर यांनी १९७४ मध्ये निकेलचा लेप दिलेल्या बेरिलियम कणांत तिचा हेतुपुरस्सर वापर केला; मात्र ते कण मायक्रोमीटर मापाचे होते. नॅनोकणांपुरते श्रेय सामान्यतः यिन, अलिव्हिसाटोस व सहकाऱ्यांच्या २००४ मधील कामाला देतात. त्यांनी कोबाल्टच्या तप्त कलिली द्रावणात (द्रवात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांच्या मिश्रणात) गंधक सोडून कोबाल्ट सल्फाइडाची पोकळ स्फटिके मिळवली. त्यात कोबाल्ट बाहेर येण्याचा वेग गंधक आत जाण्याच्या वेगापेक्षा जास्त असतो.

त्यानंतर जवळजवळ प्रत्येक पोकळ सल्फाइडाला हेच नाव चिकटले. क्युप्रस ऑक्साइडाच्या घनाकृती कणांचे उदाहरण वादाचे आहे. त्यांच्या नारिंगी-तांबूस निलंबनात सोडियम सल्फाइड घालताच मिश्रण तपकिरी होऊन काळे पडते. सल्फाइड ऑक्साइडापेक्षा फारच कमी विद्राव्य असल्याने कणाच्या पृष्ठावर लगेच कवच धरते. उरलेला गाभा अमोनिया किंवा थायोसल्फेटने विरघळवतात. गाभा असा वेगळा धुऊन काढावा लागत असेल, तर कणाला त्यागी साचा (काम झाल्यावर काढून टाकला जाणारा साचा) म्हणणेच अधिक सयुक्तिक दिसते. कर्केंडालचा दावा करायचा, तर अभिक्रिया मध्येच थांबवून गाभा व कवच यांत पडत गेलेली फट सूक्ष्मदर्शकात दाखवायला हवी. पुष्कळदा केवळ अंतिम कणाचेच चित्र दिलेले असते.

झिफ-६७ या कोबाल्टयुक्त धातू-सेंद्रिय चौकटीची (धातूचे आयन व सेंद्रिय रेणू जोडून बनलेल्या सच्छिद्र स्फटिकाची) थायोअॅसिटामाइड या गंधक पुरवणाऱ्या संयुगाशी अभिक्रिया करून बहुफलकी पोकळ कवचेही मिळवतात. ऑस्टवाल्ड पक्वनात आतली बारीक स्फटिके विरघळून बाहेरच्या मोठ्या स्फटिकांवर बसतात. वायूच्या बुडबुड्यांचा साचाही सुचवला गेला आहे. त्याचे पुरावे मात्र बहुधा अप्रत्यक्ष असतात.

पोकळ कणांसाठी लागणारे एक कसब सोलापुरातील जुन्या कामात दिसते. सोलापुरात विद्यापीठाची स्थापना २००४ मधली. त्यापूर्वी येथे शिवाजी विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र होते, आणि कॅडमियम सल्फाइडासारख्या पातळ फिल्मांवर रासायनिक अवगाहन पद्धतीने (पृष्ठ द्रावणात बुडवून त्यावर थर बसवण्याच्या पद्धतीने) काम होत असे. अमोनियायुक्त द्रावणात थायोयुरिया सावकाश सल्फाइड सोडतो आणि रंगहीन बीकर हळूहळू पिवळा होतो. सल्फाइडाचा पुरवठा मंद ठेवण्याचे हे कसब पोकळ कणांसाठीही लागते. थर भराभर बसला तर कवचाऐवजी सुटा साका मिळतो.

चादरी-टॉवेलांच्या या शहरात रंगयुक्त सांडपाण्याच्या प्रकाश-उत्प्रेरणाने होणाऱ्या शुद्धीकरणाशी पोकळ कणांच्या संशोधनाचा संबंध जोडणे साहजिक आहे. तथापि प्रयोगशाळेतील चाचण्या बहुतांशी मिथिलिन ब्लू या निळ्या रंगद्रव्यावर होतात; सुतासाठी रिअॅक्टिव्ह व व्हॅट रंग वापरतात आणि त्यांच्या सांडपाण्यात मीठ व अल्कलीही असते. शिवाय पोकळ कण रंग नुसता शोषूनही घेतात, त्यामुळे प्रकाश देण्यापूर्वी मिश्रण अंधारात ढवळून शोषण वेगळे मोजावे लागते.