भारतमाता: गिरणीच्या जमिनीवरचं थेटर

लालबागमधे कुणाला पत्ता विचारलात तर तो "भारतमाताला उतरा" असंच सांगणार, मग त्याने आत जाऊन एकही पिक्चर बघितलेला नसला तरी. बेस्टचा कंडक्टर तेच ओरडतो, टॅक्सीवालाही तेच म्हणतो, त्यामुळे नव्या टॉवरमधे राहायला आलेल्यांना ते सिग्नलचंच नाव वाटतं. तर हे थेटर इथे कसं आलं आणि दर दोनचार वर्षांनी ते जाणार जाणार अशी बातमी का येते, ते कळायला आधी बाजूची गिरणी समजून घ्यावी लागते.

कारण थेटर उभं आहे तेच मुळी गिरणीच्या जमिनीवर. इंडिया युनायटेड नंबर एक, त्याआधीची ससूनांची जेकब ससून मिल. स्वातंत्र्याच्या आधीपासून भारतमाता इथे आहे, आणि पब्लिक कोण, तर कोकणातून, घाटावरून आलेला गिरणी कामगार. बायकापोरं गावी, इथे दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा वीस जण, तेही पाळीपाळीने झोपणारे, म्हणजे पहिल्या पाळीचा घरी आला की रातपाळीवाल्याने वळकटी गुंडाळून जागा करून द्यायची. मग तो बिचारा जाणार कुठे? खाणावळीत जेवायचं आणि थेटरात जाऊन बसायचं. पंख्याखाली तीन तास निवांत, एवढ्यासाठीसुद्धा लोक जायचे, आणि त्यात कुणी घोरलं तर डोअरकीपर काही बोलायचा नाही असं आमच्या चाळीतले म्हातारे सांगायचे. भोंगा आणि शो हे दोन्ही एकाच घड्याळावर चालायचे म्हणा ना.

मराठी बोलपटाची सुरुवात खरं तर गिरगावातली. तिथल्या मॅजेस्टिकला १९३१ मधे 'आलम आरा' लागला आणि पुढच्याच वर्षी त्याच थेटरात 'अयोध्येचा राजा', म्हणजे मराठीतला पहिला बोलपट. मॅजेस्टिक पाडूनही आता किती वर्षं झाली. गिरगावचा प्रेक्षक पांढरपेशा, नाटक-संगीतवाला. गिरणगावचा वेगळा, त्याला तमाशा, वगनाट्य, भजन, शाहिरी यांची सवय, आणि पडद्यावरही त्याला आपल्यासारखाच माणूस हवा असायचा. दादा कोंडके हे या बाजूचेच, नायगावच्या चाळीत वाढलेले, त्यामुळे नाडी लोंबणाऱ्या हाफपँटमधला तो भोळा गडी इथल्या लोकांना परका वाटला नाही. १९७१ ला 'सोंगाड्या'साठी दादरच्या कोहिनूर थेटरात काय झालं ते बहुतेकांना माहीत असेल, देव आनंदच्या पिक्चरसाठी तो काढायला निघाले होते, मग बाळासाहेब ठाकरे मधे पडले आणि तो लागला. म्हणजे मुंबईत मराठी पिक्चरला थेटर मिळायची मारामार तेव्हापासूनचीच, मल्टिप्लेक्सने आणलेली नाही. भारतमाताचं महत्त्व त्यातच, इथे मराठी पिक्चरला कुणाची मनधरणी करावी लागायची नाही. पुढे सरकारने करपरतावा, मग करमाफी वगैरे दिली, त्याने तिकीट स्वस्त राहिलं, पण पडदाच नसेल तर करमाफी घेऊन काय करणार.

सत्तरच्या दशकात आजारी गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि ही गिरणी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे, म्हणजे एनटीसीकडे गेली. गिरणी गेली म्हणजे जमीन गेली आणि जमीन गेली म्हणजे थेटराखालच्या जागेचा मालक बदलला, पण तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नाही. तेव्हा जमिनीला कोण विचारत होतं.

मग आला १८ जानेवारी १९८२, कामगार नेते दत्ता सामंतांचा गिरणी संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप अधिकृतपणे आजवर मागे घेतलेला नाही. लोक पहिले काही महिने थांबले, मग भांडी विकली, मग एसटी पकडून गावी गेले, काही कायमचेच. थेटराचा रोजचा गिऱ्हाईकच निघून गेला की हो. वर त्याच सुमाराला रंगीत टीव्ही आला आणि व्हिडिओ तर गल्लीगल्लीत भाड्याने मिळायला लागला. आजूबाजूची कितीतरी थेटरं यात गेली. भारतमाता तगलं ते मला वाटतं बायकांमुळे, चाळीतल्या बायका घोळक्याने दुपारच्या शोला जायच्या, पिशवीतून शेंगा नि लहान पोरं दोन्ही घेऊन, माझी आईसुद्धा त्यात, आणि रडून डोळे लाल करून आली की पिक्चर चांगला होता असं समजायचं.

खरा घोळ १९९१ नंतरचा. गिरण्यांच्या जमिनी विकायला परवानगी देणारा नियम आला, एक तृतीयांश महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला, उरलेला मालकाला. २००१ मधे तो असा बदलला की वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, गिरणीचं बांधकाम असलेली जागा त्यातून बाहेर, आणि मग कसली वाटणी नि कसलं काय. २००५ मधे एनटीसीने दादरची कोहिनूर मिल नंबर तीन ४२१ कोटींना विकली. या भावाच्या जमिनीवर स्वस्त तिकिटाचं मराठी थेटर म्हणजे हिशेबात न बसणारी गोष्ट. थेटराचा भाडेपट्टा संपला, जागा खाली करा म्हणून एनटीसीचा तगादा, कोर्टकचेऱ्या, मग कलाकार रस्त्यावर आणि पक्षांचे झेंडेही. कागदावर एनटीसीची बाजू अगदीच खोटी नाही, जमीन त्यांची आहे. पण ज्या कामगारांच्या घामावर ती गिरणी चालली त्यांच्यातल्या हजारोंना अजून घर मिळालेलं नाही, तेव्हा ही कागदाची शिस्त नेमकी थेटरापाशीच कशी आठवते, हा प्रश्न लालबागकर विचारणारच.

दरम्यान २०११ मधे लालबागचा उड्डाणपूल सुरू झाला. आता परळहून भायखळ्याला जाणारे वरून सुसाट निघून जातात आणि थेटराचं पोस्टर दिसतं ते फक्त खालच्या सिग्नलला अडकलेल्यांना.