होमब्रूइंग आणि बिअरविषयीचे समज (अमेरिका)

विकण्यासाठी नव्हे, तर स्वतःसाठी आणि मित्रमंडळींसाठी घरी बिअर बनवण्याच्या छंदाला होमब्रूइंग म्हणतात. हा छंद अनेक देशांत आहे. पण बिअरकडे डोळसपणे पाहायला सामान्य माणसाला शिकवण्याचे काम अमेरिकेतल्या होमब्रूअरांइतके क्वचितच कुणी केले असेल. तिथल्या क्राफ्ट बिअरची, म्हणजे छोट्या स्वतंत्र कारखान्यांत बनणाऱ्या वेगळ्या चवींच्या बिअरची, सुरुवातही बऱ्याच अंशी त्यांच्याच गॅरेजांतून झाली.

अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. ती उठल्यावर घरी वाइन करायची मुभा मिळाली, बिअर मात्र वगळली गेली आणि पुढची पंचेचाळीस वर्षे ती बेकायदाच राहिली. कॅलिफोर्नियाचे सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांनी सुचवलेली तरतूद असलेल्या विधेयकावर १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली. एकटा प्रौढ राहत असेल तर वर्षाला १०० गॅलन आणि घरात दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर २०० गॅलन (सुमारे ७५७ लिटर) बिअर करमुक्त झाली. विक्रीला मनाई कायम राहिली. अंतिम अधिकार राज्यांकडे असल्याने मिसिसिपी आणि अलाबामा या शेवटच्या दोन राज्यांत परवानगी मिळायला २०१३ साल उजाडले.

कायदा बदलला तेव्हा देशात बिअरच्या शंभरही कंपन्या नव्हत्या. बाजारातली बहुतेक बिअर एकाच धाटणीची होती : फिकट पिवळी, सौम्य, बर्फासारखी गार लागर (थंड तापमानात आंबवलेली बिअर). टीव्हीवरच्या जाहिरातींनी तिला सामना बघत बसलेल्या पुरुषांचे पेय करून टाकले होते. दुसऱ्या चवीची बिअर हवी असेल तर ती स्वतः बनवण्यावाचून फारसा पर्याय नव्हता. लॉस एंजेलिसमधला ‘माल्टोज फाल्कन्स’ हा क्लब कायदा बदलण्याआधीच, १९७४ मध्ये सुरू झाला. कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी बिअर बनवण्याचे वर्ग घेणारे शाळामास्तर चार्ली पपाझियन यांनी चार्ली मॅटझेन यांच्यासोबत १९७८ मध्ये ‘अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशन’ स्थापन केली आणि ‘झायमर्जी’ हे नियतकालिक काढले. केन ग्रॉसमन यांचे तर चिको गावात होमब्रूइंगच्या सामानाचे दुकान होते; त्यांनीच पुढे ‘सिएरा नेवाडा’ ही ब्रूअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, उभारली.

हे ज्ञान पुस्तकी नाही, हाताने येणारे आहे. मोड आणून वाळवलेली बार्ली, म्हणजे माल्ट, भरडून साधारण ६५ ते ६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात. त्या उष्णतेत धान्यातली एन्झाइमे पिठूळ भागाची साखर करतात. पाणी जास्त तापले तर न आंबणारी साखर वाढते आणि बिअर अंगाने जड होते. गाळलेला गोड रस हॉप्स (कडवटपणा आणि सुगंध देणारी फुले) घालून तासभर उकळतात, झटपट निववतात आणि त्यात साखरेचे अल्कोहोल करणारे यीस्ट सोडतात. रसात हायड्रोमीटर हे घनता मोजणारे उपकरण बुडवल्यावर समजा १.०५० आकडा दिसला आणि आंबून झाल्यावर तो १.०१२ वर आला, तर वजाबाकीला १३१ ने गुणायचे. बिअर सुमारे ५ टक्के अल्कोहोलची झाली. हा हिशेब एकदा स्वतः केलेला माणूस ‘काळी बिअर म्हणजे कडक बिअर’ यावर विश्वास ठेवत नाही. अल्कोहोल साखरेतून येते, रंग धान्य किती भाजले यावरून. काळीभोर गिनेस ड्राफ्ट ४.२ टक्क्यांच्या आसपास असते, तर सोनेरी रंगाची बेल्जियन डूव्हेल ८.५ टक्क्यांची.

बिअर जितकी गार तितकी चांगली, हाही असाच एक समज. फार गार केली की सुगंध दबतो आणि दोषही लपतात. बाटलीच्या रंगाचेही कारण आहे. प्रकाशामुळे हॉप्समधल्या कडू घटकांपासून गंधकयुक्त, उग्र वासाचे संयुग तयार होते. तपकिरी काच तो प्रकाश बराच अडवते, हिरवी किंवा पारदर्शक काच फारसा नाही.

चवीची ही चिकित्सा १९८५ मध्ये सुरू झालेल्या ‘बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम’ने शिस्तीत बसवली. स्पर्धेतल्या बिअरला ५० पैकी गुण मिळतात : चवीला २०, सुगंधाला १२, एकूण परिणामाला १०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि रूपाला अवघे ३. हिरव्या सफरचंदाचा वास आला तर बिअर बहुधा कच्ची आहे. लोण्यासारखा आला तर यीस्टचे काम अपुरे राहिले असावे. परीक्षकाने दोषासोबत उपायही लिहून द्यायचा असतो. माझ्या मते या चळवळीची सर्वांत मोठी देणगी हीच : नापसंतीला कारण द्यायची सवय.

याच वर्तुळाने नवे साचेही घडवले, हे नोंदवायला हवे. दाढीवाला गोरा पुरुष, हातात अतिकडू आयपीए (भरपूर हॉप्सची बिअर) आणि बाजारू लागरविषयी तुच्छता, ही क्राफ्ट बिअरची प्रतिमा त्यातूनच आली. बिअरच्या शैलींची, म्हणजे प्रकारांची, वर्णने स्पर्धेच्या सोयीसाठी आहेत, ती काटेकोर नियमावली नव्हे, असे ती वर्णने करणारेच बजावतात. तरी क्लबांमध्ये ती कायद्यासारखी वापरली जातात. आणि बिअर पुरुषांची, हे तर इतिहासालाच धरून नाही. सुमेरी लोकांची बिअरची देवता निनकासी ही देवी होती आणि मध्ययुगीन इंग्लंडमध्ये घरोघरी एल हा बिअरचा प्रकार बनवत त्या मुख्यतः बायकाच. या व्यवसायातल्या स्त्रियांसाठी टेरी फारेनडॉर्फ यांनी २००७ मध्ये ‘पिंक बूट्स सोसायटी’ काढली. २०१३ चा अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशनचा ‘होमब्रूअर ऑफ द इयर’ किताब ॲनी जॉन्सन या कृष्णवर्णीय महिलेने फिकट अमेरिकन लागर बनवून जिंकला. पंडितांनी नाके मुरडलेली ही शैली घरी बनवायला अवघड असते, कारण तिच्यात चूक झाकायला काही नसते.

महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणे १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार गुन्हा आहे, त्यामुळे इथे असे उघड क्लब वाढू शकले नाहीत. इथे वेगळ्या चवींच्या बिअरची ओळख झाली ती २००९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ‘डूलॅली’सारख्या मायक्रोब्रूअरींमधून, म्हणजे छोट्या ब्रूअरींमधून. देशात खपणाऱ्या बिअरमध्ये मात्र ‘स्ट्राँग’, म्हणजे जास्त अल्कोहोलची, असे लिहिलेल्या बाटल्यांचाच वाटा मोठा आहे.