तळाला गेलेलं गाणं: युरोव्हिजनमधल्या पोर्तुगालची पार्श्वभूमी

१३ मे २०१७ रोजी कीव्हमध्ये साल्व्हादोर सोब्राल जिंकला आणि युरोव्हिजन गीतस्पर्धेत पोर्तुगालच्या नावावर पहिला विजय लागला. पहिल्यांदा भाग घेतल्याला तेव्हा ५३ वर्षं झाली होती. पहिल्या विजयासाठी इतका काळ तोवर दुसऱ्या कुठल्याच देशाला थांबावं लागलं नव्हतं. बाहेरून पाहणाऱ्याला ही चिकाटीची गोष्ट वाटते. पोर्तुगालमध्ये मात्र या स्पर्धेच्या आठवणी निकालाच्या तक्त्यावरून काढल्या जात नाहीत, कारण त्यांचं सगळ्यात महत्त्वाचं गाणं त्या तक्त्यात अगदी तळाला आहे.

आपल्याकडे ही स्पर्धा फारशी पाहिली जात नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. युरोपातल्या प्रसारण संस्थांच्या संघाने १९५६मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लुगानोत ती सुरू केली. प्रत्येक देशाची वाहिनी एक नवं गाणं पाठवते, बाकीचे देश त्याला गुण देतात, स्वतःच्या गाण्याला गुण देता येत नाहीत. पोर्तुगालची सरकारी दूरचित्रवाणी, आरटीपी, १९५७मध्ये नियमित सुरू झाली आणि १९६४मध्ये तिने पहिलं गाणं पाठवलं.

१९६४चा पोर्तुगाल कसा होता? हुकूमशहा सालाझारची सत्ता, गुप्त पोलीस, आणि छापायच्या, गायच्या, दाखवायच्या प्रत्येक गोष्टीवर सेन्सॉरची निळी पेन्सिल. १९६१च्या डिसेंबरात गोवा, दमण आणि दीव हातचे गेले होते, तरी लिस्बनचं सरकार ते मान्य करायला तयार नव्हतं. त्याच वर्षी अंगोलात वसाहतीचं युद्ध पेटलं आणि पुढे गिनी, मोझांबिकपर्यंत पसरलं. तरुण पोरं तिकडे लढायला जात होती किंवा लढाई टाळायला फ्रान्सला पळत होती. अशा देशाने कोपनहेगनला पाठवलेलं गाणं होतं ‘ओरासांव’, म्हणजे प्रार्थना. आंतोनियो काल्व्हारियोने ते गायलं आणि शून्य गुण घेऊन परतला. त्या रात्री शून्यावर राहिलेले आणखीही तीन देश होते, पण पदार्पणातच शून्य हा मान पोर्तुगालचा. त्याच कार्यक्रमात एक माणूस स्पेनचा हुकूमशहा फ्रँको आणि सालाझारवर बहिष्कार टाका असा फलक घेऊन थेट मंचावर चढला होता. त्या वर्षीचं संपूर्ण चित्रीकरण आज उपलब्ध नाही, ध्वनिमुद्रण तेवढं उरलंय.

खरी चुरस मात्र घरच्या मैदानावर असायची. कोणतं गाणं पाठवायचं हे ठरवायला आरटीपीने राष्ट्रीय निवड स्पर्धा सुरू केली, ती आजही ‘फेस्टिव्हाल दा कांसांव’ या नावाने चालते. हुकूमशाहीत एकच वाहिनी, आणि तिच्यावर वर्षातून एक संध्याकाळ अशी की देशातले चांगले कवी आणि संगीतकार तीन मिनिटांसाठी सगळ्या घरांत पोचतात. कवींनी ही संधी लवकरच ओळखली. युरोपातल्या ज्युरीला पोर्तुगीज कळत नव्हती, तेव्हा तिथून फार अपेक्षा नव्हतीच. ऐकणारे घरचे होते.

१९६७मध्ये व्हिएन्नाला गेला एदुआर्दो नाशिमेंतु. अंगोलातून आलेला हा गायक म्हणजे युरोव्हिजनच्या मंचावर गाणारा पहिला कृष्णवर्णीय पुरुष. गाण्याचं नाव होतं ‘वारा बदलला’. अंगोलात सैन्य लढत असताना अंगोलाचाच गायक पोर्तुगालचा प्रतिनिधी म्हणून उभा राहतो, यात सरकारला सोयीचं असं बरंच काही होतं. बारावा क्रमांक आला.

दोन वर्षांनी सिमोन द ओलिव्हैराने मात्र खळबळ उडवली. सालाझार १९६८मध्ये आजारी पडून पायउतार झाला होता, जागी मार्सेलु काएतानु आला होता आणि आता जरा मोकळीक मिळेल अशी लोकांना आशा होती. ‘देशफोल्यादा’ हे गाणं लिहिलं होतं जोझे कार्लुश आरि दुश सांतुश या डाव्या विचाराच्या कवीने. मूल जन्माला घालणारा ते आनंदानेच घालतो, अशा अर्थाची एक ओळ त्यात होती आणि ती एक बाई टीव्हीवर उघड गळ्याने गात होती. धर्ममार्तंडांना ते सहन झालं नाही. माद्रिदमध्ये गाण्याला जेमतेम चार गुण मिळाले, पण ती लिस्बनला परतली तेव्हा तिच्या स्वागताला गर्दी लोटली.

त्या गाण्याची निवड झाली त्याच्या महिनाभर आधी, जानेवारी १९६९मध्ये, गोवा मुक्तिलढ्यातले मोहन रानडे लिस्बनजवळच्या काशियश तुरुंगातून सुटले होते. गोवा मुक्त होऊन सात वर्षं झाली तरी त्यांना तिथेच ठेवलं होतं. त्यांच्या सुटकेसाठी इकडे जी विमोचन समिती धडपडत होती, तिच्यामागे सुधीर फडके होते. गाणं आणि राजकारण यांची गाठ काही एकट्या लिस्बनमध्येच पडत नव्हती. असो.

१९६९ला चार देश बरोबरीत पहिले आले. ही काय मतमोजणी, म्हणून पुढच्या वर्षी काही देशांनी पाठ फिरवली, त्यांत पोर्तुगालही होता. निवड स्पर्धा तेवढी घेतली, विजेत्याला कुठे पाठवलं नाही.

मग १९७३. फर्नांदो तोर्दोचं ‘तोरादा’, शब्द पुन्हा आरि दुश सांतुश यांचेच. वरवर पाहता बैलांच्या झुंजीचं वर्णन: रिंगण, घोडेस्वार, टाळ्या पिटणारी भपकेबाज मंडळी. ऐकणाऱ्याला कळत होतं की रिंगण म्हणजे देश आणि ती मंडळी म्हणजे सत्ताधारी. सेन्सॉरने ते जाऊ दिलं. न समजून की समजूनही काणाडोळा करून, यावर पोर्तुगीज लोक अजून वाद घालतात. माझ्या मते बंदी घालणं अवघड झालं असणार: गाण्यात आक्षेपार्ह शब्द एकही नाही, आणि बंदी घालायची तर आपलाच कारभार बैलांच्या झुंजीसारखा आहे हे आधी कबूल करायला हवं.

पुढचं वर्ष १९७४. ६ एप्रिलला इंग्लंडमधल्या ब्रायटनमध्ये स्पर्धा झाली, जिंकला स्वीडनचा ‘आबा’ हा चमू, आणि पुढे तो जगभर गाजला. पोर्तुगालतर्फे पाउलो द कार्व्हाल्योने ‘इ देपोइश दु आदेउश’ गायलं. जोझे निझा यांचे शब्द, जोझे काल्व्हारियो यांचं संगीत. निरोपानंतर मागे काय उरतं, याबद्दलचं प्रेमगीत. तीन गुण मिळाले, आणखी तीन देशांबरोबर शेवटचा क्रमांक.

त्याच सुमारास वसाहतीच्या युद्धाला कंटाळलेले कॅप्टन आणि मेजर दर्जाचे अधिकारी उठावाची आखणी करत होते. वेगवेगळ्या छावण्यांतल्या तुकड्यांनी एकाच वेळी निघायचं तर इशारा हवा, आणि फोन किंवा वायरलेस वापरावा तर गुप्त पोलीस ऐकणार. रेडिओ मात्र सगळे ऐकतात आणि कुणालाच संशय येत नाही. प्रश्न होता गाणं कोणतं लावायचं हा. बंडखोर गाणं लावलं तर कुणीतरी कान टवकारणार. नुकतंच युरोव्हिजनला जाऊन आलेलं, दिवसभर कुठे ना कुठे वाजणारं प्रेमगीत लावलं तर कोण कशाला लक्ष देईल? २४ एप्रिलच्या रात्री १० वाजून ५५ मिनिटांनी लिस्बनच्या ‘एमिसोरिश असोसियादुश’ केंद्रावरून निवेदकाने वेळ सांगितली, गायकाचं नाव सांगितलं आणि गाणं सुरू केलं. अर्थ होता: तयार राहा. आपलं गाणं कशासाठी वापरलं जातंय याचा कार्व्हाल्योला पत्ता नव्हता.

त्या केंद्राचा आवाज लिस्बनच्या फार बाहेर जात नव्हता, म्हणून दुसरा इशारा देशभर ऐकू जाणाऱ्या ‘रादियो रेनाशेंसा’वरून ठरला. मध्यरात्रीनंतर २० मिनिटांनी तिथे जोझे आफोन्सो यांचं ‘ग्रांदला, व्हिला मुरेना’ लागलं आणि गाड्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ४८ वर्षांची हुकूमशाही संपली होती, सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुलं खोवलेली होती. क्रांतीचं गीत म्हणून आज सगळे ‘ग्रांदला’ गातात आणि ते रास्तच आहे, ते लोकांच्या एकीचं गाणं आहे. पण पहिला नंबर लागला होता तो ब्रायटनला शेवटच्या आलेल्या गाण्याचा.

या क्रांतीचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. नव्या सरकारने वसाहतींचा हट्ट सोडला आणि ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत करार करून गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. पोर्तुगालतर्फे सही होती परराष्ट्रमंत्री मारियो सुआरिश यांची, आणि भारतातर्फे यशवंतराव चव्हाणांची. गोवा मुक्त झाला तो १९६१मध्ये, लिस्बनने ते कागदावर आणायला १३ वर्षं घेतली.

१९७५मध्ये स्टॉकहोमला पाठवलेला गायक दुआर्ते मेंदिश हा क्रांतीत भाग घेतलेला खराखुरा कॅप्टन होता, आणि गाण्याचं नाव होतं ‘पहाट’. निकाल सोळावा. १९७६ला फाडो या पोर्तुगालच्या पारंपरिक गाण्याचे गायक कार्लुश दु कार्मु यांनी निवड स्पर्धेतली सगळीच गाणी एकट्याने गायली, लोकांनी फक्त गाणं निवडायचं. आता जे म्हणायचं ते वर्तमानपत्रात आणि रस्त्यावर म्हणता येत होतं, तीन मिनिटांच्या गाण्यात काही दडवायची गरज उरली नव्हती.

त्यानंतरची तीसेक वर्षं मी भरभर ओलांडतो. जोझे सिद १९८०मध्ये सातवा आला, दुल्से पोंतिश १९९१मध्ये आठवी, केप व्हर्दी मूळ असलेली सारा ताव्हारिश १९९४मध्ये आठवी. १९९६ला ऑस्लोत लूसिया मोनिझने सहावा क्रमांक मिळवला आणि तोच पुढे २१ वर्षं देशाचा उच्चांक राहिला. लगेच दुसऱ्या वर्षी पुन्हा शून्य. १९९९पासून कुठल्याही भाषेत गायची मुभा मिळाली आणि बहुतेक देश इंग्रजीकडे वळले. पोर्तुगाल आपल्या भाषेला धरून राहिला आणि मागे पडत गेला. २००४पासून उपांत्य फेरी आली आणि २००८पर्यंत ती ओलांडताच आली नाही.

२०११ला एक गंमत झाली. देश कर्जात बुडालेला, एप्रिलमध्ये सरकारने युरोपकडे मदत मागितली, मेमध्ये ७८ अब्ज युरोंचं पॅकेज आणि त्यासोबत कपात. मार्चमध्ये हजारो तरुण रस्त्यावर उतरले होते. त्याच्या आठवडाभर आधी निवड स्पर्धा जिंकली ‘होमेंश दा लुता’ या विनोदी चमूने, १९७४च्या मोर्चातले वाटावेत असे कपडे आणि हातात भोंगा घेऊन. ड्युसेलडॉर्फच्या प्रेक्षकांना हे काय चाललंय ते कळलं नाही, उपांत्य फेरीतच बाहेर. कळण्यासाठी ते पाठवलंही नव्हतं. २०१३ला आरटीपीने कोणालाच पाठवलं नाही, २०१६लाही नाही.

एक वर्ष घरी बसल्यावर आरटीपीने निवड स्पर्धेला नवं रूप दिलं आणि वेगवेगळ्या संगीतकारांना गाणी लिहायला बोलावलं. त्यांत लुईझा सोब्राल होती. तिने ‘आमार पेलुश दोइश’ लिहिलं, दोघांच्या वाटचं प्रेम एकट्याने करीन म्हणणारं, आणि ते आपल्या भावाला दिलं. साल्व्हादोरचं हृदय त्या वेळी इतकं कमजोर होतं की कीव्हमधल्या सुरुवातीच्या तालमींत त्याच्या जागी लुईझा उभी राहिली. प्रत्यक्षात ना नर्तक, ना आगीचे लोळ. ज्युरी आणि प्रेक्षक दोघांच्या यादीत तो पहिला आला, एकूण ७५८ गुण. संगीत म्हणजे आतषबाजी नव्हे, भावना आहे, असं तो जिंकल्यावर म्हणाला आणि बऱ्याच स्पर्धकांना ते झोंबलं. डिसेंबरात त्याच्यावर हृदयप्रत्यारोपण झालं.

सालाझारच्या काळात लोकांना फाडो, फातिमा हे तीर्थक्षेत्र आणि फुटबॉल या तीन ‘फ’ंमध्ये गुंगवून ठेवलं जातं, अशी टीका व्हायची. १३ मे २०१७ला पोप फ्रान्सिस फातिमात होते, बेन्फिका क्लबने त्याच दिवशी लीग जिंकली आणि रात्री गाणं जिंकलं. फाडो नव्हता तो, जॅझकडे झुकलेला वॉल्ट्झ होता, पण लिस्बनकरांनी तेवढं चालवून घेतलं.

२०१८ची स्पर्धा लिस्बनला झाली. यजमान म्हणून पोर्तुगालला थेट अंतिम फेरी मिळाली आणि त्यांचं गाणं २६पैकी २६वं आलं. २०२१मध्ये पहिल्यांदा पूर्ण इंग्रजी गाणं पाठवलं, बारावा क्रमांक. पुढे मारो नवव्या आणि योलांदा दहाव्या क्रमांकावर राहिल्या. २०२५ला बासेलला गेलेला ‘नापा’ हा चमू मदैरा बेटावरचा आहे, आणि त्यांचं गाणं बेट सोडून लिस्बनमध्ये राहणाऱ्या मुलाचं आहे. एकविसावा क्रमांक आला, आणि गाणं पोर्तुगालमध्ये जोरात गाजलं.