पाच फ्रँकच्या धक्क्यामागची अडीचशे वर्षं

स्वित्झर्लंडच्या ब्रिएन्झ सरोवराकाठी इसेल्टवाल्ड नावाचं जेमतेम चारशे वस्तीचं गाव आहे. २०१९ साली आलेल्या एका कोरियन मालिकेचा नायक तिथल्या लाकडी धक्क्यावर पियानो वाजवताना दिसला, नेटफ्लिक्सवरून मालिका आशियाभर पोचली आणि गावात बसगाड्या भरभरून माणसं उतरायला लागली. शेवटी २०२३ मध्ये गावाने धक्क्याच्या तोंडाशी फिरता दरवाजा बसवला. पाच फ्रँक टाकायचे, आत जायचं, फोटो काढायचा. बातम्यांमध्ये याचं खापर समाजमाध्यमांवर फुटलं. मला त्यात नवल वाटत नाही. गोष्ट ऐकून सरोवर बघायला जायचं आणि तिथल्या लोकांनी त्याचे पैसे घ्यायचे, हा व्यवहार तिथे फार जुना आहे.

त्याआधी मात्र सरोवर म्हणजे निव्वळ वाट होती. ल्युसर्नच्या सरोवराच्या दक्षिण टोकाला कडे थेट पाण्यात उतरतात. ब्रुनेन ते फ्लुएलेन हा काठचा गाडीरस्ता झाला तो १८६५ साली. तोवर गोथार्ड खिंडीतून इटलीकडे जाणारा माल, व्यापारी, यात्रेकरू सगळे या टप्प्यात होडीनेच जायचे. दक्षिणेकडून ‘फोन’ नावाचा गरम वारा सुटला की लाटा उसळायच्या आणि वारा पडेपर्यंत प्रवास ठप्प व्हायचा. अशा पाण्याकडे निवांत बघत बसायला कुणाला सवड असणार?

बघण्याची हौस आली ती पुस्तकांतून. १७६१ साली फ्रेंच भाषेत लिहिणारा विचारवंत रूसो याची ‘ज्यूली’ ही पत्ररूप कादंबरी आली. तिचं कथानक जिनिव्हा सरोवराकाठच्या क्लारेन्स भागात घडतं. कादंबरी युरोपभर गाजली आणि न घडलेल्या प्रेमकथेच्या खऱ्या जागा शोधत वाचक तिथे येऊ लागले. १८१६ मध्ये बायरन आणि शेली हे इंग्रज कवी याच कादंबरीच्या ओढीने होडीतून सरोवराची फेरी करून आले. तांबोरा ज्वालामुखीच्या उद्रेकामुळे त्या वर्षी युरोपात उन्हाळा असा झालाच नव्हता, तरी हे निघाले. वाटेत त्यांनी शियों किल्ला पाहिला. तिथे सोळाव्या शतकात जिनिव्हाच्या स्वातंत्र्याची बाजू घेणारा बोनिव्हार कैदेत होता. बायरनने त्याच्यावर कविता लिहिली आणि मग लोक त्या कवितेपायी किल्ल्यावर जाऊ लागले. तळघरातल्या एका खांबावर बायरनचं म्हणून दाखवलं जाणारं नाव कोरलेलं आहे. ‘बंटी लव्ह पिंकी’ आपल्याच किल्ल्यांवर असतं असं समजणाऱ्यांनी ते जरूर पाहावं.

ब्रिएन्झला तर हे सगळं अगदी उघड्यावर चालायचं. पाहुण्यांना सरोवर पार करून देणाऱ्या होड्या गावातल्या बायका वल्हवायच्या. त्यांतली एलिझाबेथ ग्रॉसमान दिसायला इतकी सुंदर की तिची छापील चित्रं विकली जायची आणि प्रवासी खास तिच्याच होडीत बसायला यायचे. समोरच्या काठावर गीसबाख धबधबा. केर्ली नावाच्या शाळामास्तराने तिथवर पायवाट काढली. आलेल्या पाहुण्यांसमोर मास्तर घरच्यांसह गाणी म्हणायचा आणि चार पैसे मिळवायचा. १८३९ साली या सरोवरात पहिली आगबोट आली, तिचं नावच ‘गीसबाख’. वल्हवणाऱ्या बायकांच्या पोटावर पाय आला तो इथेच. पुढे धबधब्याशेजारी भव्य हॉटेल उभं राहिलं. रात्री शोभेची रंगीत दारू पेटवून धबधबा उजळायचे, त्याचे पैसे वेगळे. १८७९ साली पाहुण्यांसाठी बोटीच्या धक्क्यापासून हॉटेलपर्यंत दोरावर ओढली जाणारी रेल्वे झाली, ती आजही चालते.

जिनिव्हा सरोवरात आगबोट १८२३ सालीच आली होती, ल्युसर्नला १८३७ साली. बोटीला वेळापत्रक असतं, आणि वेळापत्रक आलं की सहल आखता येते. १८६३ मध्ये सहली आखून देणाऱ्या थॉमस कुकने इंग्रजांची पहिली तुकडी इथे आणली. त्यातल्या जेमिमा मॉरेल यांची रोजनिशी उपलब्ध आहे. पहाटे उठणं, खेचरं, बोट, इंटरलाकेन, ल्युसर्न, रिगी डोंगरावरचा सूर्योदय, सगळी धावपळ त्यात आहे. १८७१ साली रिगीवर दातेरी रुळांची रेल्वे झाली आणि पायपीटही सुटली. मुंबई-पुण्याच्या टूर कंपन्यांच्या पत्रकात आज इंटरलाकेन आणि ल्युसर्न हटकून असतात, त्याचं मूळ इथे आहे. आपल्याला तिथे ओढून नेलं ते मात्र हिंदी सिनेमाने. यश चोप्रांचा पुतळा २०१६ पासून इंटरलाकेनमध्ये आहे.

पाणी आज इतकं नितळ आहे म्हणून ते कायमच तसं होतं असं वाटतं. खरं तर गेल्या शतकाच्या मध्याला गटारं आणि साबणातलं फॉस्फेट यांनी अनेक सरोवरांचा शेवाळी चिखल होऊ लागला होता. १९५३ साली जनमताने जलसंरक्षणाचं कलम राज्यघटनेत आलं, पण अंमल रेंगाळला. १९६३ मध्ये झेरमाट या पर्यटनाच्या गावात दूषित पाण्यातून विषमज्वर पसरला, शेकडो जण आजारी पडले, तेव्हा देश खडबडून जागा झाला. सांडपाणी शुद्धीकरणाची यंत्रणा देशभर उभी राहिली आणि १९८६ मध्ये कपडे धुण्याच्या पावडरीत फॉस्फेटला बंदी आली. ब्रिएन्झचा तो निळा-हिरवा रंग मात्र हिमनद्यांनी दळलेल्या दगडाच्या पिठाचा. त्या पाण्यात पोषणद्रव्यं इतकी कमी की मासे वाढत नाहीत, अशी तिथल्या कोळ्यांची तक्रार असते. पर्यटकाला जे हवं ते कोळ्याला नको.

आणखी एक गोष्ट पर्यटनाच्या पत्रकात नसते. वरून सहलीच्या बोटी फिरत होत्या त्याच काळात, १९६४ पर्यंत, लष्कराने थुन, ब्रिएन्झ आणि ल्युसर्नच्या सरोवरांत जुना दारूगोळा हजारो टनांनी बुडवला. तो बाहेर कसा काढावा याच्या कल्पना मागवून संरक्षण खात्याने २०२४ मध्ये ५०,००० फ्रँकची बक्षिसं जाहीर केली. काढताना तळाचा गाळ ढवळला तर पाण्यातला प्राणवायू घटेल ही भीती आहे, म्हणून उपसायची घाई कुणालाच नाही.