जेवणघर नसलेल्या घरांचं जेवणघर

‘फ्रेंच कंट्री’ म्हटलं की फर्निचरच्या दुकानात एक ठरावीक चित्र समोर येतं. लांबलचक जेवणाचं टेबल, गवताच्या विणीच्या खुर्च्या, मागे बशा उभ्या लावलेली मांडणी, टेबलावर फुलाफुलांचं कापड आणि सगळ्यावर मुद्दाम खरवडलेला पांढरा रंग. फ्रान्सच्या खेड्यातली जेवणाची खोली म्हणून हे विकलं जातं. गंमत अशी, की या वस्तू ज्या घरांतून आल्या त्यांतल्या बहुतेकांना जेवणाची खोली नव्हतीच.

राजवाड्यातसुद्धा ती उशिराच आली. पूर्वी जेवणवेळ झाली की लाकडी घोड्यांवर फळ्या टाकायच्या आणि जेवणं उरकली की उचलून भिंतीला टेकवायच्या, अशी रीत होती. आपण पाट-पाणी घेतो, तसं फ्रेंच माणूस अजूनही टेबल ‘उभं करतो’. शब्द तिथूनच राहिला. व्हर्सायमध्ये पंधराव्या लुईने शिकारीहून परतल्यावर मोजक्या मंडळींबरोबर जेवायला खास खोली करून घेतली ती १७५० मध्ये. शेतकऱ्याकडे मात्र एकच मोठी खोली असे. चूल तिथेच, टेबल तिथेच आणि ब्रिटनीसारख्या भागात दारं लावून बंद करायचा कपाटासारखा पलंगही तिथेच.

त्या खोलीतली खरी मौल्यवान गोष्ट म्हणजे पाव. तो रोज भाजत नसत. गावच्या भट्टीत एकदम बरेच दिवसांचे पाव भाजून आणायचे आणि पुरवून खायचे. दक्षिणेकडच्या प्रोव्हान्समध्ये यासाठी दोन वस्तू जोडीने असत. खाली ‘पेत्रँ’, म्हणजे पायांवर उभी केलेली, झाकणाची मोठी काठवटच. तिच्यात पीठ मळायचं. वर भिंतीला टांगलेली ‘पानतिएर’. ही अक्रोडाच्या लाकडाची पेटी असते, पण तिला भिंती नसतात. चारी बाजूंनी कातलेल्या बारीक दांड्या, लाटण्यांची रांग उभी करावी तशा. मध्ये एक छोटंसं दार आणि त्याला कुलूप. हवा खेळती राहते म्हणून पावाला बुरशी लवकर धरत नाही, आणि उंदरांचा हात पोचत नाही. आपलं शिंकाळं आणि जाळीचं कपाट यांच्या मधली ही वस्तू म्हणता येईल. फक्त शिंकाळ्यावर कुणी गव्हाच्या लोंब्या आणि ऑलिव्हच्या फांद्या कोरत नाही. पानतिएरवर कोरायचे.

हे नक्षीकाम आणि ते वाकडे, हरणाच्या पायासारखे पाय आले पॅरिसहून. पंधराव्या लुईच्या काळात (१७१५ ते १७७४) दरबारी फर्निचरमधली सरळ रेघ जवळपास हद्दपार झाली. प्रांतांतल्या सुतारांनी ती वळणं उचलली, पण सावकाश. पॅरिसमध्ये सोळाव्या लुईचे सरळ, खाचांचे पाय आले, मग क्रांती झाली, १७९१ मध्ये सुतारांचे संघ बरखास्त झाले, नेपोलियन आला आणि गेला. प्रोव्हान्समधल्या आर्ल शहराच्या आसपासचा सुतार मात्र एकोणिसाव्या शतकातही तेच वळणदार पाय कोरत होता. गिऱ्हाईक तेच मागत होतं. त्यामुळे केवळ पाय बघून एखाद्या कपाटाचं वय सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पॅरिसच्या कारागिरांना आपला शिक्का मारायची सक्ती होती. खेड्यातल्या बहुतेक कामावर नाव नसतं.

आर्लचं खास जेवणाचं कपाट पाहण्यासारखं असतं. खालचा भाग खोल, वरचा बुटका आणि मागे सरकवलेला, म्हणजे पुढे भांडी ठेवायला ओटा मिळतो. वरची दारं बाहेर उघडत नाहीत, बाजूला सरकतात. ओट्यावरचं काही हलवावं लागत नाही. मधोमध पुष्कळदा सुपाचं भांडं कोरलेलं असतं.

बशांची मांडणी नॉर्मंडी, ब्रिटनी, लोरेन अशी सगळीकडे आहे, त्यात फार वेगळेपण नाही. तिच्यावरच्या बशांची कथा जास्त रंजक आहे. युद्धखर्चासाठी चौदाव्या लुईने १६८९ मध्ये आणि पुन्हा १७०९ मध्ये चांदीची भांडी वितळवायला लावली. दरबारातल्या बड्या घरांना मातीच्या, चकाकत्या लेपाच्या ताटांत जेवायची वेळ आली. रुआँ, मूस्तिए इथल्या कुंभारांचं त्यात उखळ पांढरं झालं.  

टेबलावरचं कापड थेट आपल्याकडचं. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी १६६४ ची. तिची भारतातली पहिली वखार सुरतेत १६६८ मध्ये उघडली, म्हणजे शिवाजी महाराजांच्या सुरतेवरच्या दोन स्वाऱ्यांच्या मधल्या काळात. इथून गेलेल्या रंगीत सुती कापडाला फ्रेंच लोक ‘अँदिएन’ म्हणत, शिवाय ‘शित’ असाही शब्द होता. आपल्या आज्यांच्या चिटाच्या परकरातली चीट ती हीच. सुती कापडावर असा धुतलं तरी न जाणारा, नक्षीदार रंग तिथे नवा होता. खप इतका वाढला की रेशीम आणि लोकर विणणाऱ्यांनी ओरड केली आणि १६८६ मध्ये आयात आणि छपाई दोन्हींवर बंदी आली. ती टिकली १७५९ पर्यंत. मोडत मात्र सगळेच होते. बंदी उठताच १७६० मध्ये ओबेरकाम्फ नावाच्या कापड छापणाऱ्याने व्हर्सायजवळच्या जुई गावात कारखाना काढला, आणि ‘त्वाल द जुई’ नावाचं कापड जन्मलं. दक्षिणेत तारास्कोंला लाकडी ठशांची छपाई टिकून राहिली. तिथल्या कोयऱ्या पाहून मराठी माणसाला ओळख पटायला वेळ लागत नाही.

मग हे सगळं ‘व्हिंटेज’ कधी झालं? कवी मिस्त्राल यांनी आर्लमध्ये प्रोव्हान्सच्या लोकजीवनाचं संग्रहालय उघडलं १८९९ मध्ये, आणि १९०४ च्या नोबेलचे पैसेही त्यातच घातले. म्हणजे जुनं जपायला हवं हे तेव्हाच जाणवलं होतं. पण दुसऱ्या महायुद्धानंतर फॉर्मायका आला, आपण ज्याला सनमायका म्हणतो त्या जातीचा. पुसायला सोपा, नवा, चकचकीत. शेतकऱ्यांनी आजोबांची कपाटं जुन्या बाजारवाल्याला देऊन टाकली. तीच पुढे शहरांत आणि अमेरिकेत गेली. १९६७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पिएर नावाच्या दोघांनी ‘पिएर दू’ (म्हणजे ‘दोन पिएर’) हे दुकान काढलं, तिथून प्रोव्हान्सचं फर्निचर आणि पुढे तारास्कोंची कापडं विकली गेली, आणि ‘फ्रेंच कंट्री’ ही शैली म्हणून रुळली.

खरवडलेला पांढरा रंग हा त्याहून अलीकडचा. रंगवलेलं फर्निचर पूर्वी नव्हतं असं नाही. दक्षिणेतल्या उझेस गावची चित्रं काढलेली कपाटं प्रसिद्ध आहेत. पण प्रोव्हान्समधला अक्रोड मेण घासून चमकवायचे. त्यावर पांढरा फासणं म्हणजे पितळी समईला ऑइलपेंट देणं.

शेतातल्या जुन्या टेबलाची एक अडचण दुकानदार आपणहून सांगत नाही. फळीखाली पाव-सुऱ्या ठेवायचे खोल खण असतात, त्यामुळे आजच्या उंचीच्या खुर्चीवर बसलं की गुडघे आपटतात. यावर उपाय म्हणून कित्येक टेबलांच्या पायांना खालून लाकडाचे तुकडे जोडून उंची वाढवलेली असते. जाणकार गिऱ्हाईक म्हणूनच आधी जमिनीवर बसून पायांची टोकं तपासतं.