शे एंजिन

तीव्र चढाच्या व नागमोडी लोहमार्गांवर वापरले गेलेले, दंतचक्रांद्वारे चाके फिरवणारे वाफेचे एंजिन. रुळांमधील दातेरी पट्टीवरून (दंतपट्टी) चढणाऱ्या एंजिनांशी याची गल्लत होते. शे एंजिन साध्या रुळांवर, निव्वळ घर्षणाच्या जोरावर चढते.

शोधाचे श्रेय अमेरिकेतील मिशिगन राज्यातले लाकूड-व्यावसायिक एफ्रेम शे (१८३९–१९१६) यांना देतात. पहिला प्रयोग १८७७ च्या सुमाराचा असावा. त्यात साखळी व पट्टा वापरून पाहिल्याचे सांगितले जाते. ओहायोतील लायमा येथे १८८० मध्ये एंजिन तयार झाले आणि १८८१ मध्ये शे यांना एकस्व (पेटंट) मिळाले. पुढे रूढ झालेल्या रचनेत लायमाच्या कारखान्यातील तंत्रज्ञांचा वाटा मोठा होता, असेही एक मत आहे. दंतचक्रे मात्र ब्रिटिश अभियंते रिचर्ड ट्रेव्हिथिक यांच्या १८०४ च्या एंजिनातही होती. त्यामुळे शे यांचे नावीन्य वळत्या बोगींपर्यंत (एंजिनाखालील चाकांच्या वळू शकणाऱ्या चौकटींपर्यंत) गती पोचवण्याच्या युक्तीत मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

उजव्या बाजूस दोन किंवा तीन उभे सिलिंडर असतात आणि तोल साधण्यासाठी बाष्पित्र (बॉयलर) डावीकडे सरकवलेले असते. सिलिंडर चाकांच्या बाहेरून जाणारा लांब दंड (शाफ्ट) फिरवतात. बोगी वळताना त्याला वाकता यावे, लांब-आखूड होता यावे, म्हणून त्यात यूनिव्हर्सल जोड (कोन बदलला तरी गती पुढे नेणारे सांधे) आणि एकात एक सरकणारे चौकोनी भाग असतात. दंडावरील शंक्वाकार दंतचक्रे चाकांच्या बाहेरील तोंडांवर बसवलेल्या दंतचक्रांना फिरवतात. यामुळे शक्ती वाढत नाही. वेग घटून ओढ वाढते. सगळीच चाके चालक असल्याने पाणी व इंधन यांचे वजनही रुळांवरील पकडीच्या कामी येते. तीन सिलिंडरांच्या एंजिनात ओढ बरीच एकसारखी राहते, त्यामुळे चाके घसरण्याचा संभव कमी. वेग मात्र ताशी २०–२५ किमी.च्या आसपासच.

क्लायमॅक्स व हाइस्लर हे प्रतिस्पर्धी प्रकार. त्यांत दंड मध्यभागी असतो.

सुमारे २,७७० शे एंजिने बांधली गेली. १९४५ मधील शेवटचे एंजिन वेस्ट व्हर्जिनियातील कॅस येथे आहे. तेथे चढ १:९ पर्यंत आहे. तैवानच्या अलिशान जंगल-रेल्वेवर ही एंजिने उताराच्या बाजूस जोडून गाडी वर ढकलीत, म्हणजे डबे सुटून मागे घरंगळण्याचा धोका राहत नसे. नेरळ–माथेरान मार्गावर (चढ १:२०) मात्र दंतचक्रांची एंजिने नव्हती. तेथील जर्मन बनावटीच्या एंजिनांत वळणांसाठी क्लीन-लिंडनर पद्धतीचे, वळणावर चाकांना किंचित वळू देणारे लवचिक आस होते.